इंग्रजीतलं ‘गेट’ हे क्रियापद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकताना ‘गेट’ पहिल्याच वर्षी भेटतं आणि पुढची कित्येक वर्षं पूर्ण हाती लागत नाही. मी भाषांतर करते, जोडीला इंग्रजी शिकवतेही, आणि सर्वाधिक प्रश्न मला याच तीन अक्षरी शब्दाबद्दल विचारले जातात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. देवनागरीत फाटकाचं ‘गेट’ आणि हे क्रियापद सारखंच लिहिलं जातं, पण इंग्रजीत उच्चार वेगळे आहेत. फाटकातला ‘ए’ लांबतो. क्रियापदातला अगदी आखूड असतो, म्हणता म्हणता संपतो. खाली सगळीकडे ‘गेट’ म्हणजे क्रियापदच.

‘गेट’चा अर्थ एका मराठी शब्दात सांगता येईल का?

नाही. शब्दकोशात पहिला अर्थ ‘मिळणे, मिळवणे’ असा असतो आणि तो बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलं की पुढची निम्मी वाक्यं अडतात. एक कल्पना मात्र सांगता येते: आधी नव्हतं ते आता झालं. हातात नव्हतं ते हातात आलं, जिथे नव्हतो तिथे पोचलो, जसे नव्हतो तसे झालो, कळत नव्हतं ते कळलं. इंग्रजी या चारही ठिकाणी ‘गेट’ वापरतं. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे पत्र मिळालं, ‘आय गॉट होम’ म्हणजे घरी पोचलो, ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे दमलो आणि ‘आय गॉट द पॉइंट’ म्हणजे मुद्दा कळला.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की ‘गेट’कडे बघू नका, त्याच्या पुढच्या शब्दाकडे बघा. पुढे वस्तू असेल तर मिळणं, आणणं किंवा विकत घेणं. पुढे विशेषण असेल तर होणं. पुढे जागा असेल तर पोचणं. पुढे माणूस आणि त्यानंतर ‘टू’ लावलेलं क्रियापद असेल तर त्या माणसाकडून काही करवून घेणं. एवढं लक्षात ठेवलं तरी रोजच्या वाचनातलं बरंचसं ‘गेट’ सुटतं.

आपण ‘मला मिळालं’ म्हणतो, मग इंग्रजीत ‘आय गॉट’ का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण दोन भाषांचे स्वभाव इथे समोरासमोर येतात. मराठीत ‘मला पत्र मिळालं’, ‘मला पत्रं मिळाली’ असं म्हणताना क्रियापद पत्राच्या मागे जातं. माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो आणि गोष्ट त्याच्याकडे चालत येते. मराठीचं हे एकट्या ‘मिळणे’पुरतं नाही. मला नोकरी लागते, मला सर्दी होते, मला धक्का बसतो, मला ताप येतो, मला संधी मिळते. पाच गोष्टींना पाच क्रियापदं, आणि प्रत्येक वेळी माणूस घेणाऱ्याच्या जागी.

इंग्रजी माणसाला उचलून कर्त्याच्या जागी बसवतं आणि पाचही ठिकाणी ‘आय गॉट’ म्हणतं: ‘आय गॉट अ जॉब’, ‘आय गॉट अ कोल्ड’, ‘आय गॉट अ शॉक’, ‘आय गॉट अ फीवर’, ‘आय गॉट अ चान्स’. सर्दी कोणी प्रयत्न करून मिळवत नाही, तरीही वाक्याची रचना नोकरी मिळवल्यासारखीच राहते. म्हणजे ‘गेट’मध्ये प्रयत्न आहे की नाही हे सांगितलेलंच नसतं. ते संदर्भावरून ओळखायचं. (या वाक्यांतला ‘अ’ आपल्याकडून सहज गळतो. ‘आय गॉट फीवर’ असं बोलून जातो. तो ठेवायला हवा.)

भाषांतर करताना यामुळे खरी अडचण होते. ‘व्हेअर डिड यू गेट दॅट वॉच?’ याचं मराठी ‘हे घड्याळ कुठे घेतलंस?’ होईल, ‘कुठे मिळालं?’ होईल किंवा ‘कुठून आणलंस?’ होईल. घेतलं म्हटलं की पैसे मोजले. मिळालं म्हटलं की भेट आलं किंवा सापडलं. इंग्रजी हे न सांगताच पुढे जातं, मराठीला ठरवावं लागतं. अशा वेळी आधीची दोन-तीन वाक्यं परत वाचण्याखेरीज दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

‘मी नवीन फोन घेतला’ याला ‘आय टुक अ न्यू फोन’ का चालत नाही?

कारण ‘घेणे’ आणि ‘टेक’ यांची जोडी सगळीकडे जमत नाही. मराठी ‘घेणे’त विकत घेणं येतं. ‘टेक’ म्हणजे असलेली वस्तू उचलणं, सोबत नेणं, कधी कधी न विचारता नेणं. ‘आय टुक अ फोन’ ऐकणाऱ्याला वाटेल की कुठल्या तरी टेबलावरचा फोन उचलला. इथे ‘आय गॉट अ न्यू फोन’ किंवा ‘आय बॉट अ न्यू फोन’ म्हणायचं.

‘गेट मी द कीज’ आणि ‘ब्रिंग मी द कीज’ यांत फरक आहे?

थोडा. ‘ब्रिंग’मध्ये वस्तू तुमच्यापाशीच आहे किंवा येताना घेऊन यायची आहे. ‘गेट’मध्ये जाणं, ती हाती घेणं आणि परत येणं, तिन्ही आलं. मराठीतलं ‘जरा किल्ल्या आणून दे’ हे ‘गेट’, आणि ‘येताना किल्ल्या घेऊन ये’ हे ‘ब्रिंग’.

‘गेट’ आणि ‘बिकम’ एकच का?

विशेषणापुढे बहुतेक वेळा एकच. ‘गेट अँग्री’ आणि ‘बिकम अँग्री’ दोन्ही म्हणजे रागावणं. पहिलं बोलण्यातलं, दुसरं जरा लिहिण्यातलं. नाम आलं की मात्र वाटा वेगळ्या होतात. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर झाली. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तिने डॉक्टरला बोलावून आणलं किंवा तिला डॉक्टर मिळाला. ‘होणे’ हा एकच शब्द डोक्यात ठेवून वाक्य रचलं की ही चूक होते, आणि ती अर्थच फिरवते.

शिवाय काही विशेषणांनी आपापली क्रियापदं निवडून ठेवली आहेत. अन्न खराब होतं तेव्हा ‘गो बॅड’, दृष्टी जाते तेव्हा ‘गो ब्लाइंड’, चेहरा लाल होतो तेव्हा ‘टर्न रेड’ किंवा ‘गो रेड’, झोप लागते तेव्हा ‘फॉल अस्लीप’. यांना नियम लावत बसू नका, जोड्या म्हणूनच पाठ करा. मराठीतही अंधार पडतो, ऊन चढतं आणि थंडी वाजते, त्यांनाही आपण कधी नियम विचारला नाही. इंग्रजीत मात्र हे तिन्ही ‘गेट’मध्ये येतं: ‘इट्स गेटिंग डार्क’, ‘इट्स गेटिंग हॉट’, ‘आय ॲम गेटिंग कोल्ड’.

‘आय ॲम गेटिंग लेट’ हे चूक आहे का?

भारतात हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि आपल्याला ते कळतंही. ‘मला उशीर होतोय’ याचा तो सरळ उतारा आहे. पण ब्रिटन किंवा अमेरिकेतला माणूस या जागी ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणतो, किंवा ‘आय ॲम गोइंग टू बी लेट’. ‘इट्स गेटिंग लेट’ हे वाक्य मात्र सगळीकडे चालतं, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे: वेळ बरीच झाली, रात्र होत आली. पहिल्यात उशीर माणसाला होतो, दुसऱ्यात वेळ पुढे सरकलेली असते. मराठीत दोन्हीला ‘उशीर होतोय’ म्हणून भागतं, तिथूनच हा गोंधळ येतो.

‘गेट’ आणि ‘रीच’ यांत ‘टू’ कुठे लावायचा?

‘रीच’ला ‘टू’ लागत नाही, ‘गेट’ला लागतो. ‘वी रीच्ड द स्टेशन’, ‘वी गॉट टू द स्टेशन’. अपवाद ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांचा. त्यांच्यापुढे ‘टू’ येत नाही: ‘गेट होम’, ‘गेट देअर’. ‘स्टेशनला पोचलो’ यातला ‘ला’ आपल्याला ‘रीच टू’ म्हणायला लावतो. तो मनातल्या मनात ‘गेट’कडे वळवा.

गाडीत बसताना ‘गेट इन’ की ‘गेट ऑन’?

ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं, त्याला ‘ऑन’ आणि उतरताना ‘ऑफ’: बस, रेल्वे, विमान, जहाज. ज्यात वाकून थेट आसनावरच बसावं लागतं, त्याला ‘इन’ आणि उतरताना ‘आउट ऑफ’: कार, टॅक्सी. सायकल आणि घोडा यांच्यावर आपण वर बसतो, म्हणून तिथेही ‘ऑन’.

‘मॅरीड विथ’ का म्हणायचं नाही?

कारण इंग्रजीत लग्न ‘टू’ होतं. ‘तिचं त्याच्याशी लग्न झालं’ यातला ‘शी’ आपल्याला ‘विथ’कडे ओढतो. बरोबर वाक्य: ‘शी गॉट मॅरीड टू हिम’. आणि ‘गॉट मॅरीड’ व ‘इज मॅरीड’ यांतला फरकही महत्त्वाचा आहे. पहिली घटना, दुसरी अवस्था. लग्न झालं ते ‘गॉट मॅरीड’, विवाहित आहे ते ‘इज मॅरीड’. ‘गेट ड्रेस्ड’, ‘गेट लॉस्ट’, ‘गेट स्टक’, ‘गेट रेडी’ ही सगळी याच घरातली.

‘मी केस कापले’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘गेट’ची सर्वांत उपयोगी रचना हीच आहे असं माझं मत आहे.

मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी कोणी असं समजत नाही की आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’चा पहिला अर्थ मात्र तोच होतो. दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. मधे वस्तू आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. ‘गॉट द कार रिपेअर्ड’ म्हणजे गाडी दुरुस्त करून घेतली. ‘गॉट द रूफ फिक्स्ड’ म्हणजे छप्पर नीट करून घेतलं. मराठीतलं ‘-ऊन घेणे’ इथे तंतोतंत बसतं. आपल्याकडे ही रचना आहेच, फक्त बोलताना आपण ती बरेचदा गाळतो आणि इंग्रजीतही गाळून टाकतो.

काम कोणाकडून करवलं ते सांगायचं असेल तर वाक्याचा आकार बदलतो: ‘आय गॉट माय ब्रदर टू फिक्स इट’. इथे माणूस आधी, मग ‘टू’ आणि मूळ क्रियापद. हा ‘टू’ विसरू नका, कारण शेजारचे ‘मेक’ आणि ‘हॅव’ तो घेत नाहीत: ‘आय मेड हिम फिक्स इट’, ‘आय हॅड हिम फिक्स इट’. तिघांच्या अर्थांतही पायऱ्या आहेत. ‘मेक’मध्ये भाग पाडणं आहे, समोरच्याला नको असलं तरी. ‘हॅव’मध्ये ते काम त्याचंच आहे आणि तुम्ही सांगितलंत की तो करणार. ‘गेट’मध्ये थोडं मन वळवणं आहे, पाठीमागे लागणं आहे, कधी लाडीगोडीही आहे. ‘मी त्याला करायला लावलं’ हे ‘मेक’, ‘मी त्याच्याकडून करून घेतलं’ हे ‘हॅव’च्या जवळ, आणि ‘शेवटी मी त्याला तयार केलं’ हे ‘गेट’. मराठीत या छटा क्रियापदाच्या निवडीत असतात, इंग्रजीत त्या एका छोट्या शब्दावर येऊन थांबतात.

‘गॉट माय हेअर कट’च्याच आकाराची आणखी दोन वाक्यं दिसतात आणि ती वेगळी ओळखायला हवीत. ‘गेट द वर्क डन’ म्हणजे काम उरकणं. ते स्वतः केलं की दुसऱ्याकडून करवलं, हे त्यात उघड नाही. आणि ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे त्याचं बोट दारात सापडलं. इथे कोणी काही करवून घेतलेलं नाही, अपघात आहे. रचना एक, पण एकीकडे इच्छा आणि दुसरीकडे नशीब.

‘वॉज ब्रोकन’ आणि ‘गॉट ब्रोकन’ यांत काय फरक?

‘द विंडो वॉज ब्रोकन’ याचे दोन अर्थ होतात. मी पाहिलं तेव्हा काच फुटलेली होती, किंवा त्या क्षणी कोणी तरी ती फोडली. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटलं की एकच अर्थ उरतो: काच फुटली, काही तरी घडलं. मराठी हे ‘फुटलेली होती’ आणि ‘फुटली’ असं सहज वेगळं करतं. इंग्रजीला त्यासाठी ‘गेट’ लागतं.

असं ‘गेट’ अनेकदा नको असलेल्या घटनांबरोबर येतं: ‘गॉट फायर्ड’, ‘गॉट हर्ट’, ‘गॉट कॉट’. पण बढती मिळाल्यावर ‘गॉट प्रमोटेड’ही म्हणतात, म्हणून ‘गेट म्हणजे वाईट’ असा नियम करू नये. ज्या क्रियापदांत काही बदल घडत नाही, तिथे ते बसत नाही. ‘इट वॉज नोन’ ठीक, ‘इट गॉट नोन’ कानाला खटकतं. औपचारिक लेखनात सरळ ‘वॉज’ घ्यावं.

‘आय हॅव गॉट’ हा पूर्ण वर्तमानकाळ आहे ना? मग अर्थ ‘माझ्याकडे आहे’ असा कसा?

रूप पूर्ण वर्तमानकाळाचंच, अर्थ साध्या वर्तमानाचा. ज्याला एखादी गोष्ट मिळालेली आहे त्याच्याकडे ती आता असणारच, या वाटेने हा अर्थ आला. ‘आय हॅव गॉट अ ब्रदर’ म्हणजे मला एक भाऊ आहे. तिथे मिळण्याचा भाव उरलेला नाही. भूतकाळात ही रचना मालकीसाठी सहसा वापरत नाहीत, साधं ‘हॅड’ म्हणतात.

‘हॅव गॉट टू’ म्हणजे करावंच लागणं: ‘आय हॅव गॉट टू गो’, मला निघायलाच हवं. भरभर बोलताना याचं ‘गॉटा’ होतं. ऐकून ओळखा, मित्राला पाठवायच्या निरोपात लिहा, अर्जात लिहू नका.

‘गॉटन’ हे बरोबर रूप आहे की अमेरिकन चूक?

बरोबर आहे, आणि अमेरिकेने ते शोधून काढलेलंही नाही. ‘गॉटन’ हे इंग्लंडमधलंच जुनं रूप आहे. 1611 मधल्या इंग्रजी बायबलात ते सापडतं. त्याच भाषांतरात ‘गॉट’च्या जागी ‘गॅट’ हे त्याहून जुनं भूतकाळी रूपही आहे. पुढे ब्रिटनमध्ये ‘गॉटन’ मागे पडत गेलं आणि अटलांटिकपलीकडे टिकून राहिलं. ब्रिटिश इंग्रजीतही ‘फरगॉटन’मध्ये आणि वाममार्गाने मिळवलेल्या संपत्तीसाठीच्या ‘इल-गॉटन’मध्ये ते आजही आहे.

अमेरिकन बोलण्यात ‘गॉट’ आणि ‘गॉटन’ दोन वेगळी कामं करतात. ‘आय हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट माझ्याजवळ आहे. ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे मी ते मिळवलं. ‘शी हॅज गॉटन टॉलर’ म्हणजे ती उंच झाली आहे. एखादी परीक्षा ब्रिटिश पद्धतीची असेल तर ‘गॉट’ लिहा, एरवी ज्यांच्याशी बोलता त्यांच्यासारखं बोला. एकाच लेखात दोन्ही पद्धती मिसळू नका, एवढं पुरे.

हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

उत्तरेकडून. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसले आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला ‘गेटा’ हा शब्द इंग्रजीत शिरला. त्याचा अर्थ मिळवणं, गाठणं. जुन्या इंग्रजीत याच कुळातला शब्द होता, पण तो एकटा वापरला जात नसे. दुसऱ्या शब्दांना जोडूनच यायचा. ‘बिगेट’ म्हणजे जन्म देणं आणि ‘फरगेट’ म्हणजे विसरणं, हे दोन त्यातले आजही वापरात आहेत. ‘फरगेट’मधला ‘फर’ म्हणजे दूर, निसटून. पकडीतून निसटलं ते विसरलं. मूळ इंग्रजी रूपांत इथला ‘ग’ ‘य’कडे झुकलेला होता. आजचा ठसठशीत ‘ग’ नॉर्सच्या प्रभावाचा मानतात.

याच शब्दाची आइसलँडमधली बहीण आज ‘गेटा’ म्हणूनच जिवंत आहे आणि तिथे तिचा नेहमीचा अर्थ आहे ‘शकणे’. मिळवता येणं आणि करता येणं ही दोन गावं जवळजवळ आहेत, हे तिच्याकडे बघून कळतं.

‘आय गेट इट’ म्हणजे ‘मला समजलं’, हे कसं?

कळणं म्हणजे मनाने पकडणं, ही कल्पना फार जुनी आहे. ‘काँप्रिहेंड’ हा इंग्रजीतला भारदस्त शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ पकडणं, धरणं, आणि भाषाशास्त्रज्ञ तो धातू व ‘गेट’ एकाच दूरच्या मुळाशी नेऊन भिडवतात. आपणही ‘ग्रहण करणे’ म्हणतो, त्यातल्या संस्कृत धातूचा अर्थही धरणं हाच. रोजच्या मराठीत मात्र आपण उलटी दिशा घेतो. गोष्ट आपल्या ध्यानात येते, डोक्यात शिरते. पकडायला आपण जात नाही.

वापराबद्दल एक सूचना. ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ हे भारतीय इंग्रजीत रुळलेलं वाक्य आहे. ‘मला कळत नाहीये’ यातला चालू काळ तिथे उतरला आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आय डोन्ट गेट इट’ किंवा सौम्यपणे ‘सॉरी, आय डोन्ट फॉलो’ म्हणणं बरं. ‘आय डोन्ट गेट यू’ जपून वापरा. त्यातून ‘तू माणूस म्हणूनच मला उमगत नाहीस’ असाही सूर निघू शकतो.

‘यूज्ड टू’, ‘बी यूज्ड टू’, ‘गेट यूज्ड टू’ यांत नेहमी घोटाळा होतो.

‘आय यूज्ड टू वेक अप अर्ली’: पूर्वी मी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’: लवकर उठायची मला सवय आहे. ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’: सवय होत चालली आहे. पहिल्यानंतर मूळ क्रियापद, पुढच्या दोन्हींनंतर ‘इंग’चं रूप किंवा नाम. ‘गेट’चं काम इथेही तेच आहे, नसलेली सवय जडते आहे.

‘गेट’ला अव्ययं जोडून होणारी रूपं किती पाठ करायची?

यादी करून पाठ केलेली विसरली जातात, असा माझा अनुभव आहे. वाचताना भेटतील तशी वहीत वाक्यासकट उतरवा. ज्यांच्यावर लोक हमखास अडतात, अशी काही इथे देते. ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून, आजारातून सावरणं. ‘गेट बाय’ म्हणजे जेमतेम भागवणं, निभावून नेणं. ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक करूनही शिक्षेविना सुटणं, आणि यातलं ‘विथ’ काढलं तर उरतं फक्त निसटणं. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे बरेच दिवस राहिलेल्या कामाला अखेर हात लागणं. ‘गेट बॅक’ म्हणजे परतणं, पण ‘गेट बॅक टू समवन’ म्हणजे नंतर उत्तर कळवणं. या शेवटच्या दोघांची गल्लत कामाच्या पत्रव्यवहारात बरीच होते. ‘आय विल गेट बॅक टू यू’ वाचून माणूस भेटायला येणार असं समजून वाट पाहणारे लोक मला माहीत आहेत.

औपचारिक लेखनात ‘गेट’ टाळायचं का?

सगळीकडे टाळा असं सांगणारे शिक्षक आहेत. मला ते पटत नाही. अर्ज, अहवाल, शोधनिबंध यांत ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ हे शब्द जास्त नेमके असतात म्हणून तिथे ते घ्यावेत. पण मैत्रिणीला ‘आय ऑब्टेन्ड युअर मेसेज’ असं लिहिलं तर ते परक्यासारखं वाटतं. तिथे ‘गॉट’च हवं.

संगणकातलं ‘गेट’ आणि मराठीतलं ‘गेट-टुगेदर’, हे हेच क्रियापद?

हो. वेबपान मागवण्यासाठी ब्राउझर सर्व्हरला जी आज्ञा पाठवतो तिचं नाव ‘गेट’ आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या 1991 मधल्या पहिल्या आवृत्तीत तर ती एकच आज्ञा होती. अर्थ साधा, ‘मला ते पान आणून दे’. मराठीत रुळलेले ‘गेट-टुगेदर’ आणि नाटकातल्या वेशभूषेसाठीचं ‘गेटअप’ही याच कुळातले.

‘आय गेट टू ट्रॅव्हल’ यात ‘गेट टू’ म्हणजे काय? ‘हॅव टू’सारखंच ना?

अगदी उलट. ‘आय हॅव टू ट्रॅव्हल’ म्हणजे मला प्रवास करावा लागतो. ‘आय गेट टू ट्रॅव्हल’ म्हणजे मला प्रवास करायला मिळतो, ही संधी वाट्याला आली आहे. इतक्या ठिकाणी मराठी आणि इंग्रजी एकमेकींना चुकवत जातात आणि इथे अचानक समोरासमोर भेटतात. ‘-आयला मिळणे’ आणि ‘गेट टू’ यांत तसूभरही फरक नाही, क्रियापदसुद्धा तेच. आनंदही तोच, आणि नकारात येणारी हुरहुरही तीच.

एका भाषांतरात मला हे वाक्य आलं होतं: ‘आय नेव्हर गॉट टू से गुडबाय’. आधीच्या मसुद्यात कोणी तरी लिहिलं होतं, ‘मी निरोप घेतला नाही’. त्यात निरोप न घेणं ही बोलणाऱ्याची निवड होते. मी ते खोडलं आणि लिहिलं, ‘मला निरोप घ्यायलाच मिळाला नाही’.